लॅम्डाचा डावा कान पावसाळ्यातच का रुसतो

प्रश्न वसईहून आला आहे, थोडक्यात असा: भावाने ओसाकाहून स्टॅक्स या जपानी कंपनीचा जुना एसआर-लॅम्डा प्रो हेडफोन आणि त्याचा एसआरएम-१ एमके-२ अँप्लिफायर आणला. चार महिने सुरेख वाजला. जुलै उजाडल्यापासून डावी बाजू हळू झाली आहे, आणि रात्री अकरानंतर ऐकायला बसलं की मधूनच बारीक 'चीं' असा आवाज येतो. आता अँप दुरुस्त करावा, त्यात सुधारणा करून घ्यावी, की ४५० व्होल्टवाला मोठा अँप घ्यावा?

मोठा अँप घेऊ नका. निदान आत्ता नको. 'जुलै' आणि 'रात्री अकरानंतर' हे दोन शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण अर्धं निदान त्यातच आहे. पंचवीस-एक वर्षं ही जातकुळी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्यांचे अँप, दुरुस्तीला माझ्या टेबलावर येते आहे. आणणारा बहुतेक वेळा अँपला दोष देतो, आणि गळती निघते ती हेडफोनात.

हा हेडफोन वाजतो कसा ते आधी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. छिद्रं पाडलेल्या धातूच्या दोन जाळ्या, त्यांच्या मधोमध ताणलेला प्लॅस्टिकचा पडदा. पडद्याची जाडी एक-दोन मायक्रॉन. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. पडद्यावर जेमतेम वीज वाहून नेणारा लेप असतो आणि त्यावर ५८० व्होल्टचा स्थिर बायस, म्हणजे पडदा भारून ठेवणारं व्होल्टेज, दिलेला असतो. अँप दोन जाळ्यांवर उलटसुलट व्होल्टेज देतो, भारलेला पडदा त्यांच्यात पुढेमागे ओढला जातो, झाला आवाज. ना कॉइल, ना लोहचुंबक. लेप मुद्दाम इतक्या जास्त रोधाचा ठेवतात की पडद्यावरचा भार स्वराच्या एका आवर्तनात इकडून तिकडे पळू शकत नाही. भार जागच्या जागी राहिला की जोर सिग्नलच्या प्रमाणात पडतो आणि विकृती नगण्य राहते. क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर याच तत्त्वावर उभा होता. स्टॅक्सने १९६० मध्ये तेच कानावर चढवलं.

आता हिशेब बघा. प्रो बायसच्या, म्हणजे ५८० व्होल्टच्या, हेडफोनात पडदा आणि जाळी यांच्यातलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. ५८० व्होल्ट भागिले अर्धा मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला साडेअकराशेच्या वर. कोरडी हवा तीन हजारांच्या आसपास फुटते, म्हणजे जागा भरपूर आहे असं वाटतं. पण त्या फटीत एक ओलसर केस किंवा घामाचं मीठ लागलेला धुळीचा कण आडवा पडला की हे गणित कोलमडतं. तो कण एकदम ठिणगी पाडत नाही. तो भार हळूहळू पाझरू देतो. भार कमी तर आवाज कमी. आणि पाझर एकसारखा नसला, थांबत-थांबत असला, की पडदा त्या तालावर थरथरतो. तुमचा 'चीं' तो. किनारपट्टीवर जुलैत हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांवर सहज जातो. माझ्याकडे वसई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथून येणारे हेडफोन जून ते सप्टेंबरात येतात. पुण्यातले त्या मानाने कमी, आणि नागपूरचे तर मे महिन्यातही धडधाकट.

आता रात्रीचं. जपानमधला मेन्स १०० व्होल्टचा, त्यामुळे तुम्ही स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला असणार. तो बहुधा ११० व्होल्टचा असेल, कारण आपल्या बाजारात २३० वरून ११० हाच माल सगळीकडे मिळतो. १०० चा सांगून बनवून घ्यावा लागतो. म्हणजे सुरुवातच दहा टक्के वरून झाली. त्यात रात्री अकरानंतर कॉलनीतला भार उतरतो आणि लाइन २४५ पर्यंत चढते. ११० चा ट्रान्सफॉर्मर तेव्हा ११७ देतो. जिथे रेग्युलेटर नाही तिथलं प्रत्येक व्होल्टेज सतरा टक्के वर. बायसच्या वाटेत रेग्युलेशन नसेल तर ५८० चे जवळपास ६८० होतात. वर रात्रीची हवा दिवसापेक्षा दमट. दोन्ही एकाच वेळी अंगावर आले की आधीच कुरकुरणारा पडदा ओरडणारच. दिवसा का ओरडत नाही, याचं उत्तर हे असावं असा माझा दाट संशय आहे. साध्या मल्टिमीटरने दुपारी आणि रात्री स्टेप-डाउनचं आउटपुट मोजा. हे मोजमाप फुकट आहे, आणि अँप उघडावाही लागत नाही.

यात माझाही एक जुना चटका आहे. सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याने 'आतून २३० ला बदललेला आहे' असं सांगून एक अँप हातात दिला. मी विश्वासाने प्लग लावला. दोन सेकंदांत वार्निशचा वास, मग धूर, आणि ट्रान्सफॉर्मर गेला. तेव्हापासून कुणीही काहीही सांगो, जपानी माल मी आधी डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) शून्यापासून चढवतो, मालिकेत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून. बल्ब भगभगला की बंद. जुन्या स्टॅक्स अँपमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला दोन वेगळ्या गुंडाळ्या असतात आणि आतल्या जंपरने व्होल्टेज बदलता येतं, पण सगळ्याच मालात ही सोय नसते. झाकण उघडून, तारा मोजून, मगच ठरवायचं. दोन पिनांचा जपानी प्लग असेल तर अर्थिंग नाहीच असं धरून चाला.

दोष नेमका कुठे आहे ते शोधायचा क्रम सांगतो. आधी हेडफोन उलटा घाला, डावी बाजू उजव्या कानावर. हसू नका. तीनदा माझ्याकडे असे लोक आले आहेत ज्यांचा हेडफोन उत्तम होता आणि कानात मळ होता. हळू बाजू हेडफोनाबरोबर फिरली तर पुढे चला. मग अँपच्या मागच्या डाव्या-उजव्या आरसीए तारा अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो सोर्समध्ये किंवा तारेत. त्याच बाजूला राहिला तर अँपचा डावा चॅनेल किंवा हेडफोनाचा डावा ड्रायव्हर, म्हणजे जाळ्या आणि पडदा यांचा संच. या दोघांतला कोण, ते मीटर सांगतं: २०० हर्ट्झचा स्वर लावा, आवाज मध्यम ठेवा आणि दोन्ही चॅनेलवर प्लस-मायनसमधलं एसी व्होल्टेज मोजा. २०० हर्ट्झ अशासाठी की साधे मल्टिमीटर वरच्या स्वरांना खोटं बोलतात. दोन्हीकडे आकडा सारखा आणि कानाला मात्र फरक, तर अँप निर्दोष. विषय संपला.

अँप सुरू केल्यावर काय घडतं तेही ऐका. चांगला ड्रायव्हर काही सेकंदांत पूर्ण आवाजाला पोचतो. एक बाजू पटकन आली आणि दुसरी मिनिटभर रेंगाळत वर चढली, तर लेप झिजला आहे किंवा लेपाला भिडणाऱ्या कडीचा संपर्क खराब आहे. उलट एक बाजू आली आणि मग हळूहळू खाली गेली, तर गळती. दोन्ही बाजू सारख्याच मंद झाल्या असतील तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. बायसची पिन दोन्ही कानांना एकच असते, त्यामुळे दोष बायसमध्ये, प्लगमध्ये किंवा केबलच्या मुळाशी असणार. एका ड्रायव्हरचा लेप स्वतःच मोठा रोध असल्यामुळे त्याच्या पडद्यावरची गळती सहसा दुसऱ्या कानाला ओढत नाही. हे एकदा लक्षात आलं की निम्मी शोधाशोध वाचते.

बायस मोजताना बहुतेक जण फसतात. सॉकेटच्या बायस पिनवर मल्टिमीटर लावला, ३९० दाखवले, म्हणून 'बायस खलास' असं म्हणत कपॅसिटर बदलायला घेतले, असे किमान डझनभर अँप मी पाहिले असतील. स्टॅक्सच्या अँपमध्ये बायसच्या वाटेत ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तुमच्या मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. दोघांत ५८० व्होल्ट वाटले गेले की मीटरला ३९५ च्या आसपासच दिसणार. हे वाचन बरोबर आहे! त्याच हिशेबाने २३० व्होल्ट बायसच्या जुन्या 'नॉर्मल' सॉकेटवर दीडशेच्या थोडं वर दिसतं. नीट मोजायचं असेल तर १० मेगाओहमचे नऊ रेझिस्टर मालिकेत सोल्डर करून श्रिंक ट्यूबमध्ये घाला आणि मीटरच्या आधी जोडा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काही रुपयांत काम होतं. मग मीटर साधारण ५५ दाखवेल. त्याला दहाने गुणा आणि साडेचार-पाच टक्के वर धरा. १/४ वॅटचा एकच मोठा रेझिस्टर वापरू नका, त्याची व्होल्टेज सहन करायची मर्यादा कमी असते.

एक वेगळीच सूचना इथे घुसवतो, कारण आतापर्यंत झाकण उघडायची खाज सुटली असेल. बायसच्या ५८० व्होल्टने फारसं काही होत नाही, ४.७ मेगाओहममधून मिलिअँपिअरचा आठवा हिस्सा येतो, चिमटा बसतो. जीव घेणारं आहे ते दुसरीकडे, आतल्या पुरवठ्यात: अधिक तीनशे आणि उणे तीनशे, काही अँपमध्ये चारशे, म्हणजे दोन टोकांत सहाशे ते आठशे व्होल्ट, आणि मागे मोठे कपॅसिटर. १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टला भरला की त्यात सहा ज्यूल बसतात. प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, मग १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने प्रत्येक कपॅसिटर रिकामा करायचा, मग मीटर लावून खात्री करायची, मगच बोट. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी नको. चालू अँपवर मोजताना एक हात खिशात. ऑसिलोस्कोपचा रोजचा प्रोब किती व्होल्टचा आहे ते त्याच्यावर वाचा, बरेच जण ३०० च्याच लायकीचे असतात.

आता हेडफोन. तुमच्यासारखाच एक लॅम्डा गेल्या वर्षी रत्नागिरीहून आला होता. डावी बाजू तशीच मंद. कानाची गादी कडेने, नखाने नव्हे तर पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने, दुतर्फी टेपपासून हळूहळू सोडवली. आतला फोम चाळीस वर्षांचा, बोट लावलं की काळी चिकट पूड होणारा. ती पूड सगळीकडे पसरलेली. गादीखालचे स्क्रू काढले, ड्रायव्हर बाहेर घेतला आणि टेबलावरचा दिवा बंद करून टॉर्च तिरकी धरली. जाळीवर धूळ अडवणारा जो अतिपातळ पडदा असतो, त्याला कडेला गव्हाच्या दाण्याएवढी चीर. चिरेतून आत गेलेला एक पांढरा केस, आणि तो जाळीच्या दोन छिद्रांमध्ये अडकून टोकाने थेट मुख्य पडद्याकडे झुकलेला. टॉर्च हलवली की त्याची सावली हलायची, म्हणून सापडला. सरळ प्रकाशात अर्धा तास बघूनही दिसला नव्हता. बारीक चिमट्याने, श्वास रोखून, बाहेर काढला. धुळीचा पडदा नवीन बसवला, पॅकेजिंगच्या अगदी पातळ फिल्मचा, थोडा सैलसर. हा पडदा ताणलेला असला की तो स्वतःच ढोलकीसारखा बोलू लागतो, म्हणून सैलच हवा. दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवला आणि डावा-उजवा पुन्हा सारखे झाले. लेपाला हात लावावाच लागला नाही.

तुमच्या बाबतीत मात्र उघडण्याआधी आठ दिवस कोरडं करून बघा. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट कुणाकडे असेल तर चाळीस टक्क्यांवर ठेवा. नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर कोरडे करून परत. तांदळात पुरू नका, तांदळाची भुकटी आत शिरलेल्या केसापेक्षा वाईट. हेअर ड्रायर तर अजिबात नको. पडदा म्हणजे ताणलेलं पातळ प्लॅस्टिक, चुकीच्या उष्णतेने तो वाकडातिकडा आकसतो आणि मग एका कोपऱ्यात जाळीला चिकटतो. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रायव्हर फाडून आणणारे दोघे मला माहीत आहेत. दोघेही अभियंते.

आठ दिवसांनी फरक नाही पडला तर गळती मोजा. इलेक्ट्रिशियनकडचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) घ्या, मालिकेत १० मेगाओहमचा रेझिस्टर ठेवा, अँपपासून सोडवलेल्या प्लगची बायस पिन आणि एकेक जाळीची पिन यांच्यात बघा. निरोगी ड्रायव्हरला मेगर वरच्या टोकाला जाऊन थांबतो. चारपैकी एकाच पिनवर आकडा खाली घसरला तर गळती कोणत्या जाळीच्या बाजूला आहे हेसुद्धा कळतं. जुन्या २३० व्होल्ट बायसच्या हेडफोनाला मात्र मेगर २५० च्या रेंजवरच, तिथली फट लहान असते.

लेप खरंच गेला असेल तर ड्रायव्हर उघडून नव्याने लेप देता येतो. त्यासाठी अँटिस्टॅटिक द्रव वापरतात, काही जण अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं नायलॉन. पूर्वी ग्रॅफाइटची पूड घासायचे. तिचा रोध इतका कमी पडतो की गळती आणि विकृती दोन्ही वाढतात. पण लॅम्डाचा ड्रायव्हर चिकटवलेला असतो, उघडताना पडदा वाचण्याची शक्यता कमी. मी स्वतः पडदा नव्याने ताणून बसवले आहेत, पाच केले त्यातले तीन वाजले, आणि त्या तिनांतले दोनच डाव्या-उजव्याला जुळले. गिऱ्हाइकाच्या मालावर मी हे करत नाही. जुळणारा जुना ड्रायव्हर मिळवणं बरं, आणि तोही एक नव्हे, जोडी.

अँपकडे वळू. चाळीस वर्षांच्या यंत्राला सुधारणेच्या आधी देखभाल लागते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदला, १०५ अंशांचे, व्होल्टेज मूळइतकं किंवा वर. गरम ट्रान्झिस्टरच्या पायांशी सोल्डर भिंगातून बघा; तडा गेलेली कडी चंद्रकोरीसारखी दिसते. वरच्या किमतीचे जुने रेझिस्टर मोजा, ते वयाबरोबर वर सरकतात. आउटपुटचा समतोल साधायला आत ट्रिमर (स्क्रूसारखे फिरवून जुळवायचे छोटे रेझिस्टर) असतात: एक प्लस आणि मायनस यांच्यातला डीसी फरक काढण्यासाठी, दुसरा दोघांची जमिनीपासूनची पातळी शून्यावर आणण्यासाठी. अँप अर्धा तास तापू द्या, झाकण शक्य तितकं मिटलेलं ठेवा, मग आळीपाळीने दोन्ही फिरवा, कारण एक हलवला की दुसरा थोडा हलतोच. पाच-दहा व्होल्टची वरखाली झाली तर घाबरू नका. जिथे बायसच ५८० आहे तिथे पाच व्होल्टने पडदा कुठे जात नाही. पण शंभर व्होल्ट एका बाजूला झुकले असतील तर पडदा कायम एका जाळीकडे ओढलेला राहतो, आणि लोक त्याला 'बेस कमी झाला' म्हणतात. इनपुटचे जोडीने निवडलेले एफईटी (एका जातीचे ट्रान्झिस्टर) मात्र विनाकारण काढू नका.

सुधारणांबद्दल माझं मत कडू आहे. आउटपुटला मालिकेत ५.१ किलोओहमचे रेझिस्टर असतात, ते काढल्याने 'आवाज मोकळा होतो' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. दोन्ही मिळून १०.२ किलोओहम आणि हेडफोन केबलसकट ११० पिकोफॅरड: वरचे स्वर कापले जातात ते १४० किलोहर्ट्झच्या पुढे. वटवाघळाने तक्रार करावी. आणि हेच रेझिस्टर केबल शॉर्ट झाली तर आउटपुट ट्रान्झिस्टर वाचवतात. ठेवा ते. महागडे कपॅसिटर, चांदीच्या तारा, मी गप्प बसतो.

जी सुधारणा खरोखर मोजता येते ती व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या व्हॅक्युम ट्यूबच्या, अँपवरची. एसआरएम-टी१ घराण्यात आउटपुटला ६एफक्यू७ व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्या प्लेटला मोठे, गरम होणारे रेझिस्टर. समजा तो रेझिस्टर ६६ किलोओहमचा आहे आणि त्यावर ३०० व्होल्टची हालचाल आहे. तर साडेचार मिलिअँपिअर त्या रेझिस्टरलाच जातात. हेडफोनाला १ किलोहर्ट्झला याच व्होल्टेजवर लागतो मिलिअँपिअरचा पाचवा हिस्सा, १० किलोहर्ट्झला दोन. म्हणजे व्हॉल्व्ह गिऱ्हाइकापेक्षा दुकानाच्या भाड्यासाठीच जास्त राबतो. तिथे रेझिस्टरच्या जागी स्थिर विद्युतधारेचं सर्किट बसवलं, १०एम९०एस हा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे, की व्हॉल्व्हचा सगळा जोर हेडफोनाकडे वळतो. कपॅसिटर बदलण्यासारखं हे मनाचं समाधान नाही, स्कोपवर दिसतं. हीटसिंक नीट आणि अभ्रकाचा पत्रा मजबूत हवा. तुमचा एसआरएम-१ ट्रान्झिस्टरचा आहे, त्याला याची गरज नाही.

स्वतः अँप बांधण्याची हौस असेल तर हेडफोन अँपचे डिझायनर केविन गिलमोर यांची डिझाइन्स आहेत: केजीएसएसएचव्ही, ब्लू हवाई, आणि सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटवर बेतलेला कार्बन. अभ्यासाला उत्तम. अडचण भागांची. २एसए१९६८ आणि २एससी४६८६ए हे ट्रान्झिस्टर बनायचे बंद झाले, आणि आपल्याकडे त्या नावाने जे विकतात त्यातले बरेच खोटे. छपाई सुबक, आतून दोनशे व्होल्टला फुटणारे. बसवण्याआधी प्रत्येकाचा ब्रेकडाउन मोजा. सिलिकॉन कार्बाइडवाले भाग अधिकृत वितरकांकडे सरळ मिळतात, म्हणून आज बांधायचाच तर मी कार्बनकडे जाईन.

आणि तो ४५० व्होल्टचा अँप. लॅम्डा जातीच्या हेडफोनांची संवेदनशीलता साधारण १०० व्होल्टला १०० डेसिबल. तुम्ही घरात सरासरी ७५-८० डेसिबलला ऐकत असाल, म्हणजे दहा व्होल्टच्या आत. वाद्यवृंदाचा किंवा तबल्याच्या थापेचा क्षणिक उसळा त्यावर वीस डेसिबल, म्हणजे शंभर व्होल्ट. स्टॅक्सचा छोटा एसआरएम-२५२एस २८० व्होल्ट देतो, तेवढ्यात १०९ डेसिबल होतात. एसआरएम-७२७-२ ४५० देतो, ११३ होतात. मधलं अंतर जेमतेम चार डेसिबल, तेही अशा पातळीवर जिथे तुम्ही कधी जाणार नाही आणि जाऊही नये. स्टॅक्सचाच एसआर-००७ हेडफोन घेतलात तर तो थोडा मंद आहे आणि खालच्या स्वरांत जास्त मागतो, तिथे मोठ्या अँपचा फायदा मला पटतो. लॅम्डाला नाही.

हेडफोनांची आपापसात तुलना विचाराल तर ती अँपच्या तुलनेपेक्षा कितीतरी मोठी असते. १९९८ चा एसआर-००७ गडद, भरदार. २०११ चा एसआर-००९ वरच्या स्वरांत जास्त उघडा, वाईट रेकॉर्डिंगची लक्तरं वेशीवर टांगणारा. सेनहायझरचा १९९१ चा ऑर्फियस ३०० च बनले. मी आयुष्यात एकदाच, वीस मिनिटं ऐकला आहे, त्यावरून काही बोलणं बरं नाही. कॉसचा ईएसपी-९५० दिसायला खेळण्यासारखा, प्लॅस्टिक करकरतं, पण मधले स्वर इतके गोड की लोक त्याला उगाच हिणवतात. त्याचा बायस ६०० व्होल्ट, सॉकेट वेगळं, अडॅप्टरने स्टॅक्सच्या प्रो सॉकेटवर छान चालतो. तुमचा लॅम्डा तानपुऱ्याची जवारी जशी सोडवून दाखवतो तशी यापेक्षा महागडे हेडफोनही दाखवत नाहीत. गायकाचा आवाज मात्र तो जरासा पुढे ढकलतो, आणि जुन्या नाट्यपदांत ऑर्गन कर्कश होतो. हा त्याचा स्वभाव, दोष नव्हे; अँप बदलून जाणार नाही.

तुलना करायचीच तर आवाज आधी जुळवा. अँप-अँपची असेल तर हेडफोनाच्या टोकाशी, एकाच स्वरावर, व्होल्टेज एक टक्क्याच्या आत. एक टक्का म्हणजे डेसिबलचा दहावा हिस्सा. इतकं जुळवल्यावर आमच्या घरी हिला मागे बसवून स्विच फिरवायला सांगितला होता. माझा अतिशय लाडका व्हॉल्व्ह अँप आणि एक साधा ट्रान्झिस्टरचा, वीस वेळा. मी अकरा वेळा बरोबर आलो. नाणं उडवून दहा आलो असतो. ती म्हणाली, 'उरलेले नऊ वेळा काय ऐकत होतात?'

एक धोका विसरलो. प्रो हेडफोनाचा पाच पिनांचा प्लग जुन्या सहा पिनांच्या नॉर्मल सॉकेटात बसतो, आठ डेसिबलने मंद वाजतो, तोच हळू आवाज समजून लोक दुरुस्तीला आणतात. तुमच्या अँपवर दोन्ही सॉकेट असतील, तर कोणत्यात घातला आहे तेही एकदा बघाच. उलटं मात्र कधी करू नका. नॉर्मल हेडफोनाची मधली पिन कापून तो ५८० च्या सॉकेटात घालणारे महाभाग आहेत. लहान फटीत अडीचपट बायस, पडदा जाळीला चिकटतो, ठिणगी पडते, आणि तो ड्रायव्हर पुन्हा कुठे मिळत नाही.

तर आधी सॉकेट, मग दुपारचं आणि रात्रीचं स्टेप-डाउनचं व्होल्टेज, मग आठ दिवस डबा. ट्रान्सफॉर्मर ११० चाच निघाला तर २३० वरून १००, शंभर व्हीए, असा सांगून गुंडाळून घ्या. त्यातही २४० ची आणखी एक टॅप काढून मागा, रात्रीसाठी.